खुणेच्या बादल्या

११ जुलै, शुक्रवार. बादल्यांमधलं पाणी बदलायचा दिवस.

उन्हाळ्यात इथे ओमानला, आमच्या माबेलात, हे काम सकाळी लवकर उरकावं लागतं. गच्चीवरची टाकी एकदा तापली की नळाखाली हात धरवत नाही, आणि तसलं पाणी झाडांना घातलं तर मुळं शिजतात. म्हणून मी आदल्या दिवशीच पिंपात पाणी भरून एसीच्या खोलीत निवत ठेवते. फ्रीझरमध्ये ताकाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठवलेलं असतं. प्रत्येक बादलीत एक बाटली सोडायची, ती वितळली की दुसरी.

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिची खोली रिकामी झाली. रिकामी खोली म्हणजे वर्षभरात अडगळीची खोली, हे मला माहीत होतं. तिथे मी पाण्यातली शेती सुरू केली. माती नाही. झाकणाची बादली, झाकणाला मधोमध भोक, भोकात जाळीचा पेला, पेल्यात भाजलेल्या मातीचे गोळे आणि त्यांत रोप. मुळं खाली खताच्या पाण्यात लोंबतात. पाण्यात हवा सोडायला मासे पाळणाऱ्यांकडे असतो तसला पंप. त्याची घरघर चोवीस तास चालू हवी. ती थांबली की मुळं गुदमरतात. टोमॅटो, मिरच्या, वांगी येतात. अळू तर इतकं माजतं की अर्ध्या इमारतीला वाटावं लागतं.

माझ्या प्रत्येक बादलीवर, कडीच्या जरा खाली, एक खूण डागलेली आहे. एक उभी रेघ, तिच्यावर दोन आडव्या आणि खाली माशाच्या शेपटीसारखा फाटा. ही माझ्या माहेरची खूण. आम्ही वसईकडचे कोळी. बोटी लागल्या की सगळ्यांच्या टोपल्या, टब, जाळ्यांचे तरंगते बोये किनाऱ्यावर एकात एक पडतात, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण. माझा बाप तापलेल्या सळीने ती डागायचा. मी गॅसवर स्क्रू-ड्रायव्हर तापवून डागते. बादल्या, पातेली ठेवायच्या पाट्या, प्लास्टिकची स्टुलं, सगळ्यांवर. चर्चच्या जेवणाला दिलेली माझी एकही वस्तू कधी हरवली नाही. इमारतीतली पोरंटोरंसुद्धा खूण बघून म्हणतात, ही आंटीची.

जुलैत इमारत ओस पडते. शाळांना सुट्टी लागली की माणसं देशात जातात आणि जाताना चाव्या मागे राहणाऱ्याकडे देतात. मागे राहणारी मी. आमची रजा नाताळची. माझ्या स्वयंपाकघरात त्यासाठी खिळ्यांची एक रांगच आहे. दर शुक्रवारी मी एकेका घरात जाऊन नळ सोडते, संडासात पाणी ओतते. नाहीतर पाइपातलं पाणी सुकतं आणि झुरळं वर येतात. फ्रीज चालू आहे का बघते, एसी जरा वेळ लावते, दार ओढून घेते. कुणाच्या कपाटाला हात लावत नाही. मी हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. दुसऱ्याच्या खोलीत कसं वावरायचं हे शिकवण्याचाच मला पगार मिळतो.

त्या दिवशी माझ्या बादल्यांचं काम अर्ध्यावर आलं होतं. नवरा सकाळच्या मिसला गेला होता. इथे रविवारचं चर्च शुक्रवारी भरतं. तो आठवडाभर निझवाला साइटवर असतो, गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शुक्रवारी कॉयरमध्ये गातो. मी म्हटलं, पिंपातलं पाणी अजून निवतंय तोवर समोरच्याचे नळ सोडून येते.

समोरच्या घरात डोंबिवलीचं एक तरुण जोडपं राहतं. तो एका मालवाहतुकीच्या कंपनीत. मला काकू म्हणायचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तो माझ्याकडे यायला लागला. माझी शेती बघितली आणि म्हणाला, काकू, मलाही शिकवा, ती बाळाला घेऊन येईल तेव्हा घरची भाजी असेल. मला बरं वाटलं. नवी बादली घेऊ नकोस, माझ्याकडे जास्तीच्या आहेत, असं सांगून मी चार बादल्या दिल्या, नळ्या दिल्या, खताची उरलेली बाटली दिली. पाणी कधी बदलायचं, मुळं तपकिरी झाली तर काय करायचं, सगळं मी त्याला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे. आठवडाभरापूर्वी तो बारशाला गेला. जाताना बाळासाठी मी दुपटं दिलं. त्याने चावी दिली आणि सांगितलं, आतल्या खोलीला कुलूप आहे, ऑफिसचं सामान आहे, तिकडे बघायची गरज नाही. एसी मात्र बंद करू नका.

दार उघडलं तर आतून भट्टीसारखी हवा आली. एसी बंद, फ्रीज बंद. मी फळीवरचा मेन स्विच वर केला. तो खटकन खाली आला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. आत कुठेतरी पाणी लागलंय हे मला कळलं. इलेक्ट्रिशियनची बायको आहे मी. आणि मग दिसलं, आतल्या खोलीच्या दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला होता.

काय झालं असणार हेही तिथेच कळलं. पंप बादलीतल्या पाण्यापेक्षा उंच ठेवावा लागतो. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं येतं आणि पंपातून जमिनीवर सांडत राहतं. मी त्याला हे बजावून सांगितलं होतं. म्हणजे ऑफिसचं सामान वगैरे काही नव्हतं, आत माझ्या बादल्या होत्या. मला वाटलं, पोराने बायकोला चकित करायला टोमॅटो लावलेत आणि ते आता मरतायत.

आमच्या इमारतीत आतल्या दारांची कुलपं एकाच स्वस्त बनावटीची आहेत. कुठल्याही घरातल्या आतल्या दाराची चावी दुसऱ्या कुठल्याही आतल्या दाराला लागते. राहणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, त्याला बहुधा नसावं. मी घरी जाऊन मुलीच्या खोलीची चावी आणली आणि दार उघडलं.

आत मिट्ट काळोख. खिडकीला काहीतरी डकवलेलं. वास असा की आधी वाटलं उंदीर मेलाय, मग वाटलं कुणीतरी चिकट हिरवा पाला कुटून ठेवलाय. मी मोबाईलचा टॉर्च जमिनीवर धरला. विजेचा बोर्ड पाण्यात होता. मेन बंद आहे याची खात्री होती, तरी लाकडी हँगरने तो ओढला, प्लग काढले, बोर्ड स्टुलावर ठेवला. दारामागचं फडकं घेऊन पाणी टिपलं. हे सगळं झाल्यावर टॉर्च वर केला.

आधी बादल्या दिसल्या. चारही, भिंतीला लावून, खूण माझ्याकडे करून. त्यांच्यावर माझ्या कमरेपर्यंत आलेली झाडं. लांब, दातेरी, बोटं पसरल्यासारखी पानं. गांजाचं ते पान मी ओळखते. आमच्या हॉटेलात कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत त्याचं चित्र लावलेलं आहे, वर लाल फुली मारून.

मी किंचाळले वगैरे नाही. फक्त हात टेकायला भिंत शोधली. मग हात आखडता घेतला, कारण भिंतीला लागला तर तिथेही माझ्या बोटांचे ठसे उठतील. तोवर प्लगवर उठले होते, बोर्डावर उठले होते, फडक्यावर, कुलपावर. हॉटेलात मी मुलींना सांगत आले आहे. पाहुण्याच्या खोलीत नको ते दिसलं तर हात लावायचा नाही, दार लावायचं आणि खाली कळवायचं. त्यातलं दार लावणंच तेवढं माझ्या हातात उरलं होतं.

बाहेर येताना सवयीने मी मेन वर केला. या वेळी तो टिकला. फ्रीज घुरघुरला, एसी सुरू झाला, आणि मी नुकत्याच कुलूप लावलेल्या दाराखाली पांढऱ्या उजेडाची धारदार रेघ उमटली. आतले दिवे बोर्डावर नव्हते, थेट छताच्या जोडणीवर होते. त्याची बाग मीच परत चालू केली होती.

घरी आले. माझं अर्धवट काम तसंच पडलं होतं. वांग्याचं झाड झाकणासकट दुसऱ्या रिकाम्या पिंपावर टेकवलेलं, मुळं हवेत सुकत होती. मी त्याला पाण्यात सोडलं. खताचं माप दोनदा चुकलं. लिफ्टचा आवाज आला की वाटायचं, आले. इथे या गोष्टीला समज देऊन सोडणं नाही हे पोराबाळांनाही माहीत आहे. तुरुंग, आणि सुटलो तरी देशाबाहेर. माझं एकवेळ ठीक. नवऱ्याचा व्हिसा, त्याची नोकरी, पुण्यात शिकणारी मुलगी. माझ्या मुलीची खोली भरून तशाच बादल्या, तेच पंप, त्याच नळ्या. कुणी दोन्ही दारं उघडून बघितली असती तर म्हणाला असता, ही एकाच माणसाची दोन दुकानं.

फोन वाजला. समोरचा होता.

“काकू, लाइट गेली होती का?”

“गेली होती. आली.”

“आतली खोली उघडलीत तुम्ही.”

मी हातातलं खताचं माप खाली ठेवलं.

“कॅमेरा आहे आत. बोर्ड स्टुलावर दिसतोय. मी जमिनीवर ठेवला होता.”

“पंप बादलीच्या वर ठेव म्हणून सांगितलं होतं तुला,” मी म्हटलं. त्या घटकेला तेच तोंडात आलं.

तो हसला. “ते चुकलंच. आता एवढं करा, पंपाचा प्लग लावून द्या. नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळी झाडं जातील.”

“जाऊ देत.”

“अहो, पाला आहे काकू. तुमच्या पुदिन्यासारखा.”

“मग बाल्कनीत लावायचा होतास.”

फोनवर मागे बाळ रडत होतं, कुणीतरी बाई त्याला खेळवत होती. तो दुसऱ्या खोलीत गेला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला.

“काकू, मी धमकी देत नाही हां. पण बादल्या तुमच्या आहेत, खूण तुमची आहे. चावी तुमच्याकडे आहे. कसं वाढवायचं ते तुमच्याच आवाजात माझ्या फोनमध्ये आहे. मी तर डोंबिवलीत बसलोय. तुम्ही शांतपणे विचार करा.”

फोन मी ठेवला की त्याने, आठवत नाही. एवढं आठवतं की मी मुलीच्या पलंगावर बसले होते आणि तिथून नऊही बादल्यांवरच्या खुणा दिसत होत्या. बापाने मला शिकवलं होतं की खूण केली की वस्तू कुणी चोरू शकत नाही. मी ती वस्तू स्वतःच नेऊन दिली होती.

नवरा दुपारी आला. हातात चर्चबाहेर घेतलेली सामोशांची पिशवी. मी त्याला आधी बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पायताणं काढली होती ती परत घातली.

“काळ्या पिशव्या दे,” तो म्हणाला. “झाडं कापून भरतो. बादल्या उचलून आणतो. तासाभराचं काम आहे.”

मला ते पटलं. खरंच पटलं. भीतीत माणसाला कुठलंही काम पटतं, हाताला काहीतरी लागलेलं असलं की बस. मी पिशव्यांची गुंडाळी घेतली, त्याने सुरी घेतली आणि आम्ही बाहेर पडलो. मी समोरच्या दाराला चावी लावत होते, तेवढ्यात लिफ्ट उघडली. आमचा वॉचमन. बांगलादेशी माणूस, गरीब स्वभावाचा.

“कचरा है मॅडम? दे दो, मैं ले जाता हूँ.”

मी म्हटलं, अभी नहीं, सफाई करेंगे. तो म्हणाला, हो गया तो आवाज देना. आणि गेला. नवऱ्याने सुरी मांडीमागे धरली होती.

हा माणूस इमारतीतली कचऱ्याची प्रत्येक पिशवी खाली नेऊन उघडतो. डबे वेगळे, पुठ्ठे वेगळे, मग भंगारवाल्याला. आम्ही सगळेच त्याच्यासाठी डबे धुऊन ठेवतो. हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी आम्ही पिशव्या घेऊन निघालो होतो. नेणार कुठे होतो? गाडीत घालून? रुस्ताकच्या रस्त्याला, वाळवंटात? वाटेत पोलिसांनी थांबवलं असतं तर मागच्या सीटवर काय आहे म्हणून सांगणार होतो?

मी चावी काढून घेतली. घरी परत आलो. सामोसे तसेच गार झाले.

दुपारभर आम्ही भांडलो, पण हळू आवाजात, कारण भिंती पातळ आहेत. त्याचं म्हणणं, निदान सुरी तापवून बादल्यांवरच्या खुणा खरवडून येऊ. मी म्हटलं, खरवडलेल्या जागेकडे माणूस आधी बघतो. तो म्हणाला, मग गप्प बसू, चावी टपालाने पाठवू, आपण काही बघितलं नाही. मी म्हटलं, त्याच्या कॅमेऱ्याने बघितलंय. आज प्लग लाव म्हणतोय, उद्या पाणी बदल म्हणेल, परवा पाला काढून अमक्याला दे म्हणेल. मग मात्र ती माझीच शेती.

“आणि ती पोरगी?” तो म्हणाला. “तिचं काय चुकलं? ओली बाळंतीण आहे.”

“पुढच्या महिन्यात ती बाळाला घेऊन त्या घरात उतरणार आहे. त्या खोलीशेजारी निजणार आहे. उतरायच्या आधीच जे व्हायचं ते होऊ दे.”

त्याने गार सामोशांची पिशवी उचलून फ्रीजमध्ये ठेवली. मग म्हणाला, “पोलीस आधी तुलाच बसवून ठेवतील.”

“ठेवतील.”

“मला निझवाला कळवायला लागेल, रविवारी येत नाही म्हणून.”

“कळव,” मी म्हटलं. त्याने तेव्हाच फोरमनला फोन लावला, बायकोला बरं नाही म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मला दुपारपासून तीनदा उलटी झाली होती.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिने आपल्या अडखळत्या मराठीत विचारलं, मम्मा, माझ्या रूमचा जंगल कसा आहे? मी म्हटलं, जंगल कसा नसतो, कसं असतं. ती हसली, म्हणाली, बघ, लगेच टीचर झाली. मी तिला टोमॅटो दाखवले. बाकी काही सांगितलं नाही. फोन बंद केल्यावर पहिल्यांदा रडू आलं, ते मी बाटल्या फ्रीझरमध्ये भरता भरता संपवलं. समोरच्याचे संदेश येत होते, काकू प्लीज, काकू रिप्लाय. एकही पुसला नाही. माझेही जुने, पाणी कधी बदलायचं वगैरे, पुसले नाहीत. नवरा म्हणाला, निदान ते तरी काढ. मी म्हटलं, त्याच्याकडे आहेतच. त्यात मी टोमॅटोंबद्दलच बोलतेय. माणसं ऐकतील तर ऐकू देत.

झोप लागली नाही. डोळे मिटले की दाराखालची उजेडाची रेघ दिसायची.

सकाळी उठले आणि आधी बादल्यांत गार बाटल्या सोडल्या. मग अळवाची बादली ओढली. तिच्यावरची खूण सगळ्यांत ठळक आहे. अळवाचं कांड उचलून स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात ठेवलं, बादली घासून पुसली. हॉटेलचा गणवेश घातला, ओळखपत्र लावलं, खिळ्यावरून समोरच्याची चावी काढली. नवऱ्याने गाडीची किल्ली घेतली. दोघांनीही नाश्ता केला नाही.

इमारतीचा मालक आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. म्हातारा ओमानी माणूस, तरुणपणी मुंबईला व्यापाराला येऊन गेलेला, हिंदी बोलतो. त्याच्या फाटकाशी मी बेल वाजवली. तो स्वतःच बाहेर आला, हातात कॉफीचा पेला. माझ्या हातातली बादली बघून त्याला वाटलं, पाण्याची तक्रार आहे. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शब्द शोधले नाहीत, वगळलं काही नाही. बादल्या मी दिल्या, शिकवलं मी, दार मी उघडलं, बोर्डाला हात लावला. त्याने पेला भिंतीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता आत जाऊन दार लावून घेईल.

“तुमने हाथ क्यों लगाया?” त्याने विचारलं.

“मुझे लगा टोमॅटो मर जाएगा,” मी म्हटलं.

तो आत गेला. आम्ही फाटकाशी उभे. ऊन चढत होतं. मग तो पायघोळ दिशदाशावर डोक्याला मुस्सरचा रुमाल गुंडाळत, चपला फरफटवत बाहेर आला. गाडीचं मागचं दार त्याने स्वतःच उघडलं आणि म्हणाला, “यल्ला.” म्हणजे चला.

पोलीस चौकीत त्यानेच अरबीतून काहीतरी सांगितलं. टेबलामागच्या अधिकाऱ्याने मान वर केली. मी बादली उलटी धरून, पुसून, खूण त्याच्या बाजूला येईल अशी टेबलावर ठेवली. शेजारी चावी ठेवली. आणि म्हटलं, ही खूण माझी आहे. त्या खोलीत अशा आणखी चार आहेत, त्याही माझ्याच.